तुमच्या परसात कोण कोण येतं?

आज पहाटे किचनच्या खिडकीबाहेर दयाळ पक्षी गायला लागला आणि मला एकदम चिपळूणचं आजोळ आठवलं. तांदूळ निवडून झाले की आजी कणी घेऊन परसात जायची, विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाणी ओतायची आणि ती मागे वळायच्या आत साळुंक्या हजर. दयाळ दाण्याला नाही यायचा, तो अळवाच्या वाफ्यातले किडे टिपायचा, शेपटी उभारून. आजी गेली, घर बंद आहे. आता पुण्यात तळमजल्यावर छोटीशी जागा आहे तिथे मातीचं परळ ठेवलंय. तुम्ही काय ठेवता, कोण येतं, लिहा ना.

—

पाणी!! दाण्यापेक्षा पाण्याला जास्त येतात. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. भांडं उथळ हवं, २ इंच पुरे, मधे एक दगड ठेवा बसायला आणि रोज घासून बदला नाहीतर डास होतात.

—

शेवग्याची वाळकी फांदी तोडायला माणूस आला होता, कोयता हातात, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या थांब थांब, बघतो तर फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक आणि आतून भुसा बाहेर फेकला जातोय. तांबट पक्षी! फांदी ठेवली. दिवसभर टुक टुक टुक. वाळकी फांदी आहे म्हणून लगेच तोडू नका कोणी, त्यांना तीच लागते.

—

आमच्या जास्वंदीला शिंपी पक्ष्याने घर केलं होतं. दोन पानांच्या कडांना बारीक भोकं, त्यातून कापूस ओवलेला आणि बाहेरच्या बाजूला त्याची गाठीसारखी गोळी, सुटू नये म्हणून. तीन पिल्लं होती. एका सकाळी पान फाटलेलं, खाली बोका. आठ दिवस त्या बाजूला गेले नाही मी.

—

अरेरे ताई 😔 आमच्याकडे बुलबुलाचं असंच झालं. काटेरी बोगनवेल लावा, बोका चढत नाही.

—

बोगनवेलीला पाणी कमी घालायचं का? माझी नुसती पानंच धरते, फुलं नाहीत.

—

हो कमी घाला, ऊन भरपूर.

—

आम्ही न्यू जर्सीत. एप्रिलच्या शेवटी हमिंगबर्ड येतात, १ वाटी साखर ४ वाट्या पाणी, रंग घालायचा नाही, उन्हाळ्यात दोन दिवसांनी बदलते. पण खरं सांगू, कान अजून कोकिळेला शोधतात.

—

शिंजीरला, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या छोट्या पक्ष्याला, ठेवू का साखरपाणी?

—

नको हो, कर्दळ नाहीतर जास्वंद लावा, आपोआप येतो. आणि तुती लावा! बुलबुल, कोकीळ सगळे येतात. कोकिळा ठिपक्याठिपक्यांची असते, गातो तो काळा नर, हे मला चाळिशीत कळलं.

—

तुतीची फांदी नुसती खोचली की लागते का? आमच्या जागेत दुपारनंतर ऊन नसतं.

—

लागते, पेन्सिलीएवढी जाड घ्या. कोथरूडकडे असाल तर देते, रविवारी छाटणारच आहे.