वाळवलेली पाने आणि मसाले पदार्थात कधी घालावेत?

प्रश्न: ताज्या पानांऐवजी वाळवलेली वापरताना प्रमाण किती घ्यावे आणि ती केव्हा घालावीत? माझ्या रश्शाला कधी कडवटपणा येतो, तर कधी वासच लागत नाही.

उत्तर १: साधारणपणे ३ चमचे ताज्या चिरलेल्या पानांच्या जागी १ चमचा वाळलेली पाने पुरतात, कारण पाणी उडून गेल्याने स्वाद एकवटलेला असतो. ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी, तमालपत्र यांचा सुगंध वाळल्यावरही टिकतो, म्हणून ती शिजण्याच्या सुरुवातीलाच, तळहातावर चुरडून घालावीत. तमालपत्र मात्र अखंडच ठेवावे आणि वाढण्यापूर्वी काढून टाकावे. वाळलेल्या कोथिंबिरीत, माझ्या मते, रंगाखेरीज फारसे काही उरत नाही.

उत्तर २: कडवटपणाचे कारण बहुधा करपलेली पूड असावी. मसाल्यांतील बरीच सुगंधी द्रव्ये तेलात विरघळतात, त्यामुळे ते तेलात परतणे योग्यच. परंतु पूड काही सेकंदांतच जळते, तेव्हा आच मंद ठेवावी.

उत्तर ३: बरणी उकळत्या भांड्यावर धरून कधीही झटकू नये (ही सवय मलाही होती), कारण वाफेने आतला मसाला ओलसर होऊन त्याच्या गुठळ्या होतात.

प्रश्नकर्ता: बरणी शेगडीलगतच्या फळीवर आहे, आजच हलवतो.