शब्दचर्चा : याकोबाच्या पत्रातील ‘ज्ञान’ आणि आपले ‘शहाणपण’

संडे स्कूल शिक्षिका, सदर

सर्वांना नमस्कार. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या मंडळीतील (चर्चमधील) मुलांना शुभेच्छापत्रे देण्याची प्रथा आहे आणि त्यांवर बहुधा बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचे 1:5 हे वचन असते. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, असा त्याचा आशय आहे. गेल्या रविवारी एका मुलीने विचारले की, अभ्यास न करता ज्ञान मागितले तर ते मिळेल काय? तिचा प्रश्न खोडकर असला तरी रास्त होता. या वचनातील ‘ज्ञान’ म्हणजे नेमके काय? विद्या, बुद्धी, शहाणपण, की आणखी काही? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त मराठी शिक्षक, धरमपेठ

ताई, या गोंधळाचे मूळ एका शब्दात नसून शेजारी आलेल्या दोन शब्दांत आहे. याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात, नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावे लागले तरी आनंद माना, असे म्हटले आहे. आधी ‘परीक्षा’ आणि लगेच ‘ज्ञान’, असे दोन्ही शब्द पाठोपाठ आल्यावर मराठी मुलाला मंडळाची प्रश्नपत्रिका आठवली तर त्यात त्याचा काय दोष? मूळ ग्रीकमधील ‘पेइरास्मोस’ हा शब्द मात्र संकट, कसोटी आणि मोह या तिन्ही अर्थांना कवेत घेतो, आणि ज्याला आपण ज्ञान म्हटले आहे तो शब्द ‘सोफिया’ आहे, माहिती किंवा जाणणे या अर्थाचा ‘ग्नोसिस’ नव्हे. छळ, गरिबी, मंडळीतील श्रीमंत-गरीब भेद आणि जिभेचे प्रताप हे ज्या पत्राचे विषय आहेत, त्यात मागायला सांगितलेली गोष्ट पाठांतराच्या कामाची असणे शक्य नाही. अशा वेळी कसे वागावे हे उमगणे, असा तिचा अर्थ आहे.

जुन्या करारात ही सरमिसळ अधिक दिसते. नीतिसूत्रे 1:7 मध्ये हिब्रू ‘दाअत’ (जाणणे) आहे आणि 9:10 मध्ये ‘होखमा’ (शहाणपण), पण प्रचलित मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) दोन्ही ठिकाणी परमेश्वराचे भय हा ‘ज्ञानाचा’ आरंभ ठरतो. होखमा ही केवळ डोक्यात साठवण्याची वस्तू नाही. निर्गमाच्या 31 व्या अध्यायात निवासमंडपाचे (इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूचे) सोने, रुपे, पितळ, लाकूड घडवणाऱ्या बसालेलाला देवाने जे दिले तेही होखमाच, म्हणजे तिथे तिचा अर्थ हातातले कसब असा होतो. शलमोन राजाने राज्यावर येताच जे मागितले (1 राजे 3:9) त्याचा शब्दशः अर्थ ‘ऐकणारे हृदय’ असा आहे, कारण त्याला लोकांचे न्यायनिवाडे करायचे होते.

बायबल वर्गाचा सदस्य, मोहननगर

सरांचे म्हणणे पटते. मग भाषांतरकारांनी सरळ ‘शहाणपण’ असेच का लिहिले नाही? मराठीत शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतातच, आणि नीतिसूत्रे 25:8 मध्येही उतावळेपणाने फिर्याद करायला धावू नकोस, असाच सल्ला आहे. माझ्या मते होखमा हिच्याशी मराठीत सर्वांत जवळचा शब्द शहाणपण हाच आहे.

निवृत्त मराठी शिक्षक, धरमपेठ

जवळचा आहे, पण तो निर्धास्तपणे वापरता येत नाही. ‘शहाणपण’ आदराचे असले तरी त्यालाच एक काना वाढवून ‘शहाणपणा’ केला की आपण मुलाला दटावतो. ‘मोठा शहाणा लागून गेलास’, ‘दीडशहाणा’, ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ ही सगळी याच शब्दाची पिलावळ आहे. (‘ज्ञान पाजळणे’ही आहेच म्हणा, पण ज्ञानाची प्रतिष्ठा त्याने फारशी उणावत नाही.) गंमत अशी की ‘शहाणा’ची व्युत्पत्ती ‘सज्ञान’पासूनच लावतात, म्हणजे ज्याला आपण ज्ञानापेक्षा वेगळा समजतो तो त्याचाच घरात वापरून मऊ झालेला अवतार आहे.

भाषांतरकारांनी तो पूर्णपणे टाळलेला नाही. येशूच्या दाखल्यांत खडकावर घर बांधणारा मनुष्य शहाणा आहे आणि दहा कुमारींपैकी तेल बरोबर घेणाऱ्या पाच जणीही शहाण्या आहेत. तोच ग्रीक शब्द ‘फ्रोनिमोस’ मत्तय 10:16 मध्ये सापाला लागू झाला तेव्हा मात्र त्यांनी ‘चतुर’ लिहिले आणि ते योग्य केले, कारण सापाला शहाणा म्हणणे मराठी कानाला रुचले नसते.

बँक कर्मचारी, जरीपटका

मला या चर्चेत एक रोजचा प्रसंग मांडावासा वाटतो. पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज घेऊन नात्यातलाच कोणीतरी घरी येतो, चहा होतो, आणि मग तो जामीनदाराच्या रकान्यावर बोट ठेवतो. नीतिसूत्रे 6:1-5 आणि 11:15 जामीन राहण्याविरुद्ध स्पष्ट बजावतात. हे वचन ठाऊक असणे म्हणजे ज्ञान. पण समोर बसलेल्या मावसभावाला काय उत्तर द्यावे, हे त्यात कुठे आहे?

बायबल वर्गाचा सदस्य, मोहननगर

आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये बेन सिराचे पुस्तक आहे (ते प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही) आणि त्याच्या 29 व्या अध्यायात भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असे चक्क म्हटले आहे. त्याच अध्यायात पुढे, ऐपतीप्रमाणे मदत कर पण स्वतः बुडू नकोस, असेही आहे. तेव्हा नुसते वचन दाखवून मावसभावाची बोळवण करता येणार नाही. त्याची परतफेडीची सवय, आपली शिल्लक आणि घरच्यांचे मत हे सगळे पाहावे लागेल.

निवृत्त मराठी शिक्षक, धरमपेठ

नेमके हेच. नीतिसूत्रे 26:4 सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, आणि लगेच पाचवे वचन सांगते की दे. संकलकाच्या हे लक्षात आले नसेल असे मानणे हाच मूर्खपणा ठरेल. दोन्ही सूत्रे शेजारी ठेवून, आज कोणते लागू आहे हे ओळखण्याचे काम त्याने वाचकावर सोपवले आहे. 27:14 मध्ये तर पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणे हा शापच गणला जाईल, असे म्हटले आहे. शब्द चांगले असूनही वेळ चुकली.

संडे स्कूल शिक्षिका, सदर

मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. याकोबाच्या त्याच 1:5 वचनात देव ‘दोष न लावता’ देतो असे आहे. मागणाऱ्याला दोष कशाचा?

निवृत्त मराठी शिक्षक, धरमपेठ

तिथला ग्रीक शब्द टोमणा मारणे, हिणवणे या अर्थाचा आहे. दिलेले बोलून दाखवणारे दाते आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. हा दाता तसा नाही, एवढेच याकोबाला सांगायचे आहे. त्याच वचनातील ‘उदारपणे’ या शब्दाच्या मुळाशीही ‘सरळ, एकविध मनाने’ असा अर्थ आहे आणि म्हणूनच आठव्या वचनातील ‘द्विबुद्धीचा’ मनुष्य त्याच्या बरोबर विरुद्ध उभा राहतो. देणारा एका मनाचा आणि मागणारा दोन मनांचा, अशी ही मांडणी मराठीत फारशी दिसून येत नाही.

शुभेच्छापत्राबद्दल म्हणाल तर वचन जरूर राहू द्या, मात्र पाचवे एकटे न छापता दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत सलग छापा. ‘परीक्षा’ऐवजी ‘कसोटी’ लिहिण्याचा मोह होईल. पण तेराव्या वचनात त्याच धातूचे मराठीत ‘मोहात घालणे’ झाले आहे आणि तिथे ‘कसोटी’ चालणार नाही, म्हणून शास्त्रातील शब्द बदलण्यापेक्षा त्याचा अर्थ मुलांना वर्गात तोंडी समजावून सांगणे मला अधिक बरे वाटते. त्या मुलीला मात्र अभ्यास करायला सांगाच.