क्रॉफर्ड मार्केट ते मुंबादेवी: वडिलांना बाजार दाखवायचा आहे, कसे जावे?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. बस्ता कराडलाच बांधायचा आहे. तथापि आहेराचे कापड, अस्तरे, थोडा सुकामेवा आणि रुखवताचे किरकोळ साहित्य मुंबईहून आणावे, असे घरात ठरले. खरे सांगायचे तर खरेदी हे निमित्त आहे. आमचे गाव पाटण तालुक्यात. आजोबा मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या गाठी वाहत असत आणि वडील शाळकरी वयात मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे राहायला येत. क्रॉफर्ड मार्केट, जुम्मा मशीद, मुंबादेवी ही नावे त्यांच्या तोंडी अजूनही असतात, परंतु आजोबा गावी परतल्यानंतर त्या भागात त्यांचे जाणे झालेले नाही. आता त्यांची सत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात आणि एका दमात फार चालवत नाही.

तेव्हा कोणत्या वारी यावे, कोठून सुरुवात करावी आणि मध्ये बसायला जागा कोठे मिळेल, हे जाणकारांनी सांगावे. तेथील घाऊक दुकानदार एक-दोन नग देत नाहीत असे ऐकले आहे, त्यात तथ्य किती? शिवाय वडिलांना खरेदीपेक्षा तो बाजार कसा चालतो, कोणत्या गल्लीत कोण व्यापार करतो, हे पाहण्यात अधिक रस आहे. त्या दृष्टीने काय दाखवावे?

जुना गिरगावकर

बाहेरगावची मंडळी क्रॉफर्ड मार्केटची इमारत पाहतात, फळांची एखादी पेटी घेतात आणि बाजार पाहिला असे समजून परत फिरतात. बाजार खरा सुरू होतो तो समोरचा लोकमान्य टिळक मार्ग ओलांडल्यावर. तरीही सुरुवात इमारतीपासूनच करा, कारण सकाळी ती निवांत असते आणि वडिलांचे पाय ताजे असतात.

मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ही मंडई उभी राहिली आणि १८६९ साली पूर्ण झाली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा. दगड मात्र आपल्याच मातीतला, कुर्ल्याचा पिवळसर आणि वसईचा तांबडा. आत शिरण्यापूर्वी दारावरच्या कमानीखाली थांबून मान वर करा. तेथे शेतकऱ्यांची कोरीव शिल्पपट्टी आहे, ती लॉकवुड किपलिंग यांनी घडवली. ते रस्त्यापलीकडच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवत असत. हजारो माणसे रोज त्या पट्टीखालून पिशव्या सांभाळत जातात आणि क्वचितच कोणी वर पाहते. दुरुस्ती आणि पुनर्विकासाचे काम टप्प्याटप्प्याने चालते, त्यामुळे एखादा भाग पत्र्यांनी झाकलेला आढळला तर विरस होऊ देऊ नका.

मंडईचे अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. पुण्याच्या मंडईलाही फुल्यांचेच नाव आहे. पुण्यात मंडई बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद या नात्याने फुल्यांनी विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. नाव देणाऱ्यांच्या हे ध्यानात होते की नाही, कोण जाणे.

फळांचा घाऊक व्यापार १९९६ साली वाशीला गेला, तेव्हापासून मंडईतली पहाटेची ती धांदल ओसरली. आता तेथे फळे, सुकामेवा, मसाले, परदेशी चॉकलेटे आणि सौंदर्यप्रसाधने मिळतात. सुकामेवा येथे घेण्यास हरकत नाही. मात्र पहिल्या दुकानात चव घ्या, भाव विचारा, पुढच्या दोन दुकानांत तेच करा आणि मगच पिशवी उघडा. मागच्या बाजूला पक्षी-प्राण्यांची दुकाने आहेत. वडिलांना ती आठवत असतील, पण कोणी पोपट किंवा मुनिया पुढे केली तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडच्या रानपक्ष्यांच्या विक्रीला बंदी आहे.

त्यानंतर रस्ता ओलांडून शेख मेमन स्ट्रीट धरा. तुमच्या वडिलांना जे पाहायचे आहे ते जवळपास सगळे या एका रस्त्यालगत आहे: मंगळदास मार्केट, जुम्मा मशीद, मूळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार आणि शेवटी मुंबादेवी. अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण हातगाड्या, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल आणि ‘बाजू, बाजू’ अशा हाकांतून वाट काढायची असल्याने वेळ तिप्पट धरा. पूर्वेकडे अब्दुल रहमान स्ट्रीटवर वह्या, पाकिटे आणि पिशव्या, नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे आणि यंत्रांचे सुटे भाग, पश्चिमेकडे लोहार चाळीत विजेचे सामान. एका मालाची एक गल्ली, आणि बहुधा त्या मालात मुरलेला एक समाज, अशी ही वाटणी आहे. हत्यारे आणि रंगांच्या दुकानांत दाऊदी बोहरा मंडळी पुष्कळ. कापडात भाटिया, कच्छी, मारवाडी. झवेरी बाजारात गल्ल्यावर गुजराती किंवा मारवाडी सराफ बसलेला दिसेल, पण वरच्या मजल्यावरच्या कोंदट खोलीत दागिना घडवणारा कारागीर बहुधा पश्चिम बंगालचा असतो. सराफाला घडवणारा हवा, घडवणाऱ्याला सोने पुरवणारा हवा आणि दोघांनाही डबा पोचवणारा हवा. या गरजेने जे शेजार जुळले आहे, ते मला इमारतींपेक्षा अधिक पाहण्यासारखे वाटते.

येताना टॅक्सी केलीत तर चालकाला आधीच बजावा की जे. जे. उड्डाणपुलावर चढू नका, नाहीतर सगळा बाजार तुमच्या खालून निघून जाईल आणि तुम्ही थेट जे. जे. रुग्णालयापाशी उतराल. भुयारी मेट्रोने आलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकावरून मंडई जवळ आहे आणि परतताना काळबादेवी स्थानक सोयीचे पडेल.

अस्तर आणि फॉल

ठाण्यात माझे शिवणकामाचे दुकान आहे आणि मालासाठी मंगळदास मार्केटात माझे नेहमी जाणे असते. गिरगावकरांचा मार्ग बरोबर आहे, परंतु इमारत आधी आणि कापड नंतर हा क्रम मला पटत नाही. दुकाने साधारण अकराच्या सुमारास पुरती उघडतात आणि पहिल्या तासा-दीड तासात दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. दुपारनंतर बाहेरगावचे व्यापारी येऊन बसतात, मग दोन साड्यांच्या अस्तरासाठी आलेल्या गिऱ्हाइकाकडे कोणी वळूनही पाहत नाही. रविवारी कापडाची आणि सोन्याची बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी गर्दी असह्य होते. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा.

घाऊक दुकानदार किरकोळ देत नाहीत, हे मूळजी जेठा मार्केटाबाबत बहुतांशी खरे आहे. ते १८७४ पासूनचे घाऊक मार्केट. तेथे ताक्यांचा (कापडाच्या अख्ख्या गुंडाळ्यांचा) आणि गाठींचा व्यवहार चालतो. मंगळदासमध्ये मात्र अर्धा मीटरही कापून देतात. तेथील दुकान म्हणजे उंचावरची एक गादी आणि तिन्ही बाजूंनी छतापर्यंत रचलेले ताके. तुम्ही रंगाचे नाव घेईपर्यंत माणूस खालचा ताका ओढून काढतो, मनगटाच्या एका झटक्यात दोन-तीन मीटर कापड तुमच्यापुढे पसरते, लोखंडी गजाने मोजणी होते, कात्रीने काठाला जेमतेम बोटभर चीर पडते आणि उरलेले तो सरळ फाडून हातात ठेवतो. सुती कापड असे सरळ फाटले तर वीण सरळ आहे हेही कळते, म्हणून फाडताना पाहत राहा. आहेराचे ब्लाउजपीस घेणार असाल तर भाव विचारण्यापूर्वी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, कारण मीटरला स्वस्त वाटलेले कापड पन्हा कमी असल्यामुळे शेवटी महाग पडते. एकाच दुकानातून एकत्र घेतल्यास भाव उतरतो. आतल्या दुकानदारांशी फार घासाघीस करण्यात अर्थ नाही. चार-दोन रुपये सुटतील. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे मात्र अर्ध्यापासून बोलणे सुरू करावे, त्याचीही तीच अपेक्षा असते. रुखवताच्या लेसी, टिकल्या आणि मणी यांसाठी भुलेश्वरच्या गल्ल्या अधिक बऱ्या.

मार्केटात सगळे हिंदीत बोलतात, परंतु तुम्ही मराठीत सुरुवात केली तर बहुतेक जण मराठीत उत्तर देतात. माझा नेहमीचा दुकानदार कच्छी आहे. वडिलांशी फोनवर कच्छीत बोलतो, माझ्याशी मराठीत भाव ठरवतो आणि पोऱ्याला हिंदीत ओरडतो, तेही हातातले माप न चुकवता.

वडिलांना बसायला जागा हवी असेल तर कापड घेतल्यावर निःसंकोच गादीच्या कडेवर टेकू द्यावे. गिऱ्हाइकाला कोणी उठवत नाही. एक सावधगिरी सांगते: झवेरी बाजाराने १९९३, २००३ आणि २०११ अशी तीन वर्षे बाँबस्फोट सोसले आहेत. पिशवी बाजूला ठेवून कोठे जाऊ नका. लोक लगेच घाबरतात आणि त्यात त्यांचे चुकत नाही.

बाणकोटकर

जुम्मा मशिदीचा वर नुसता उल्लेख झाला, म्हणून थोडे लिहितो. ती आम्हा कोकणी मुसलमानांच्या पुढाकाराने उभी राहिली. बांधकाम १७७५ च्या सुमारास सुरू झाले आणि १८०२ साली पूर्ण झाले. विशेष असे की ती एका जुन्या तळ्यावर उभी आहे. खालच्या मजल्यावर काळ्या दगडाच्या कमानी पाण्यातून वर आलेल्या दिसतात, पाण्यात मासे फिरत असतात आणि बाहेर अर्ध्या मिनिटावर कापडबाजाराचा गोंगाट चाललेला असतो. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातले. आमची वडीलधारी मंडळी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली की सामानसुमान ठेवून आधी येथे येत, असे घरात सांगतात.

दारावर विचारून, पादत्राणे काढून, नमाजाची वेळ टाळून आत जाता येईल का ते पाहावे. पाहुण्यांशी मंडळी सौजन्याने वागतात. शुक्रवारी दुपारी मात्र या बाजूला येऊ नये. जुम्म्याच्या नमाजामुळे रस्ता भरलेला असतो आणि अब्दुल रहमान स्ट्रीटकडची अनेक दुकाने तेवढा वेळ बंद राहतात.

कोणत्या गल्लीत कोण, असे विचारले आहे म्हणून आणखी एक ठिकाण सुचवतो. मशीद बंदरकडे सॅम्युअल स्ट्रीटवर शआर हारहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. सॅम्युअल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजाच्या) शिपायाने १७९६ साली ते स्थापन केले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी ते उभारले, असे सांगितले जाते. आडनाव पाहूनच ध्यानात येईल की हे कुटुंबही आमच्यासारखेच कोकणातले. आता त्या मोहल्ल्यात ज्यू कुटुंबे फारशी उरलेली नाहीत आणि गुडघ्यांचा विचार करता ही वाट तुम्हाला आडवळणाची होईल. वडिलांना उत्साह असेल तरच जा.

कोयनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना सगळे वाचून दाखवले. आधी कापड आणि मग इमारत हा क्रम त्यांना पसंत पडला, कारण त्यांना मुळात मूळजी जेठा मार्केटच पाहायचे आहे. आम्हाला घाऊक माल घ्यायचा नसताना आत जाऊ देतील का? आणि गाठी वाहणारे कामगार अजून तेथे आहेत का? जेवणाचेही कोणी सुचवले तर बरे होईल. वडील शाकाहारी आहेत.

जुना गिरगावकर

जाऊ देतात. तो आतल्या आत गल्ल्या आणि चौक असलेला मोठा बंदिस्त बाजार आहे. पत्ता सांगतानाही गोविंद चौक, अमुक गल्ली असाच सांगतात. मात्र वाटेत उभे राहू नये, कारण मागून गाठ येत असते आणि ती वाहणाऱ्याला पुढचे दिसत नाही.

कामगार आहेत, पण पूर्वीइतके नाहीत. बराचसा माल आता भिवंडीच्या गोदामांतूनच परस्पर रवाना होतो. तुमच्या आजोबांच्या पिढीतला हमाल ठरलेल्या पगाराविना, रजेविना आणि निवृत्तीच्या पैशाविना राबत असे. हे चित्र १९६९ च्या माथाडी (हमाल कामगारांच्या) कायद्याने बदलले आणि मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली. त्या लढ्याचे नेते अण्णासाहेब पाटील हे तुमच्याच पाटण तालुक्यातले, हे वडिलांना ठाऊक असेलच. आजोबा कायद्याच्या आधीचे की नंतरचे, हे त्यांना विचारा. मूळजी जेठाबद्दलच्या त्यांच्या आठवणींचा उलगडा त्यावरून बराचसा होईल. सातारा-सांगलीकडच्या कामगारांच्या गावोगावच्या सामाईक खोल्या या परिसरात आणि डोंगरीकडे असत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे आणि भिंतीवर ज्याच्या त्याच्या खुंटीला त्याची पेटी, असा तो संसार होता. गावातल्या एखाद्या वृद्धाला खोलीचा पत्ता आठवत असेल तर निघण्यापूर्वी लिहून घ्या.

जेवणासाठी मुंबादेवीच्या बाजूला भगत ताराचंद गाठा. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबाचे हे शाकाहारी भोजनालय आहे, वाढप सढळ असते आणि टेकायला नीट जागा मिळते. संध्याकाळी मंडईसमोर बादशाहमध्ये फालुदा घ्या. ते १९०५ पासून चालू आहे. घरच्यांसाठी काही गोड न्यायचे असेल तर मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान यांच्याकडचा अफलातून बरेच दिवस टिकतो. तेथे मात्र तुम्ही एकटे जाऊन या आणि वडिलांना बादशाहमध्येच बसवा.

मूळजी जेठामध्ये आजोबांच्या पेढीचे नाव आठवत असेल तर ते एखाद्या जुन्या दलालाला विचारा. पेढ्यांची नावे बदलतात, गाळे विकले जातात, पण कोणता गाळा कोणाकडून कोणाकडे गेला हे दलालांना तोंडपाठ असते. दुपारी चारच्या सुमारास ते चहाच्या टपरीपाशी मोकळे सापडतात.