साखर करण्याची विद्या भारताची, मग तिचा सागरी व्यापार अटलांटिककडे कसा गेला?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. आमच्या भागात बॉयलरचे अग्निप्रदीपन होऊन गळीत हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने उसाखेरीज दुसरा विषय निघत नाही, आणि त्या बोलण्यातूनच हा प्रश्न पुढे आला. उसाच्या रसापासून रवाळ साखर करण्याची रीत गुप्तकाळापर्यंत भारतात रुळलेली होती आणि ती इराण व अरब मुलखांतून भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचली, एवढे बहुतेक पुस्तकांत वाचायला मिळते. परंतु सोळाव्या ते अठराव्या शतकातील व्यापाराचे नकाशे पाहिले, तर मिरी, नीळ आणि सुती कापड यांचे बाण भारतातून निघालेले दिसतात, तर साखरेचे जाड बाण ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडून लिस्बन, लंडन आणि अॅमस्टरडॅमकडे जातात. इतकेच नव्हे, तर अठराव्या शतकात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर जावाची साखर उतरत होती. ज्यांनी ही विद्या जगाला दिली त्यांचा माल या व्यापारात मागे का पडला, आणि शेजारी ऊस पिकत असताना सुरतेच्या व्यापाऱ्याला जावाची साखर का परवडत होती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनेकागद (छत्रपती संभाजीनगर)

प्रश्न चांगला आहे, परंतु त्यामागील एक गृहीतक आधी बाजूला ठेवावे लागेल. साखर करता येणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट राहिलेली नव्हती. सायप्रस आणि सिसिली येथे ती कित्येक शतके तयार होत होती. सागरी व्यापारात कोण पुढे जाणार हे ठरवणाऱ्या बाबी तीन होत्या : जहाजातील जागा, सक्तीचे श्रम आणि जकात.

जहाजातील जागा म्हणजे काय, ते पाहा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून भारतातून युरोपला जाणाऱ्या जहाजाला सहा-आठ महिने सहज लागत. एवढ्या प्रवासाचा खर्च मिरी, नीळ आणि तलम कापड सोसू शकत असे, कारण थोड्या वजनात मोठी किंमत सामावलेली असे. साखर वजनाने जड, तुलनेने स्वस्त आणि ओलाव्याने बिघडणारी. ब्राझीलहून लिस्बनला पोहोचायला मात्र दोन-तीन महिने पुरत. त्यामुळे युरोपच्या बाजारासाठी ऊस अटलांटिकच्या काठावर लावणे हाच फायद्याचा मार्ग ठरला. पोर्तुगिजांनी प्रथम मदेरा बेटावर तो लावला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथील साखर अँटवर्पच्या बाजारात येऊ लागली. रस उकळण्यासाठी जंगल तुटत गेले, सरपण संपत आले आणि ते बेट मागे पडले. पुढे आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर आफ्रिकी गुलामांच्या मोठ्या मळ्यांची पद्धत आकाराला आली, तीच ब्राझीलमध्ये गेली. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणी कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर नेली होती, परंतु खरा पसारा वाढला तो ब्राझीलमध्येच. १५७० च्या सुमारास तेथे साठेक साखरघाणे होते, ते १६२९ पर्यंत साडेतीनशेच्या घरात गेले.

यानंतरचा डच प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. १६२१ मध्ये स्थापन झालेल्या डच वेस्ट इंडिया कंपनीने १६३० मध्ये पेर्नाम्बुको हा ब्राझीलचा सर्वांत मोठा साखर-प्रांत घ्यायला सुरुवात केली. ऊस, घाणे आणि कढया हाती आल्या, तरी तेवढ्याने साखर निघेना. म्हणून कंपनीने १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिना आणि १६४१ मध्ये लुआंडा ही गुलामांच्या व्यापाराची ठाणीही पोर्तुगिजांकडून हिसकावली. साखरेचा कारभार चालवायचा तर माणसे पकडून आणण्याचे बंदरही आपले असले पाहिजे, असा तो सरळ हिशेब होता. १६५४ मध्ये डच ब्राझीलमधून हाकलले गेले, परंतु तोवर हे तंत्र आणि त्यामागचे भांडवल बार्बाडोसपर्यंत पोहोचलेले होते. बार्बाडोसचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्यातील सरासरी तालुक्यापेक्षाही ते लहान भरते. १६४० च्या दशकात तेथे तंबाखू आणि कापूस मागे पडून ऊस आला आणि काही दशकांतच ते इंग्लंडचे सर्वांत श्रीमंत वसाहत-बेट झाले. पुढे जमैका, आणि अठराव्या शतकात फ्रेंचांचे सें-दोमिंग, म्हणजे आजचे हैती, यांनी त्यालाही मागे टाकले.

या काळात अटलांटिक ओलांडण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख पलीकडे जिवंत उतरली. त्यांतील फार मोठा वाटा उसाच्या मळ्यांकडे गेला. भारतातील साखर शेतकरी आणि खांडसारी, म्हणजे देशी पद्धतीची साखर, करणारे तयार करत होते. ती या हिशेबात बसणारच नव्हती.

पॅनघर (धाराशिव)

मी साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून मालाच्या बाजूने थोडे लिहितो. वरील प्रतिसादात एक गोष्ट राहिली आहे. समुद्रातून जाणारी साखर आपण आज पोत्यात पाहतो तशी नव्हती.

तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर उतारा घटतो आणि निघालेला रस काही तासांतच आंबू लागतो. यामुळे कापूस किंवा नीळ यांच्याप्रमाणे उसाचा कच्चा माल जहाजात भरून दूर नेता येत नाही, आणि घाणा व भट्टी शेताच्या काठावरच असावी लागते. ब्राझील आणि कॅरिबियनमधील मळा म्हणूनच शेतीपेक्षा कारखान्याच्या जवळ जाणारा होता. हंगामात घाणा रात्रंदिवस चाले. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेल्या तांब्याच्या कढयांत रस एकीतून दुसरीत पळीने ओतला जाई आणि शेवटच्या, सर्वांत लहान कढईत तो दाणे धरण्याच्या बेतास येई. चाचणी, म्हणजे आटत आलेला पाक, कोणत्या क्षणी उतरवायची हे जाणणारा माणूस, बहुधा स्वतः गुलामच, मालकाच्या दृष्टीने फार मोलाचा असे. घाण्यात ऊस सारताना झोपेने पेंगलेल्या मजुराचा हात रुळांत गेला तर तो तत्काळ तोडता यावा म्हणून जवळ कुऱ्हाड ठेवत, अशा नोंदी त्या काळातील लेखनात आहेत.

यातून निघणारी तपकिरी, मळीने ओलसर साखर मोठ्या लाकडी पिंपांत भरली जाई. प्रवासात तिच्यातील मळी पाझरत राहायची आणि लंडनला पोहोचेपर्यंत पिंपाचे वजन घटलेले असायचे. पांढरी साखर करायची तर गूळसर माल शंकूच्या आकाराच्या मातीच्या कुंड्यांत भरत. खाली टोकाला छिद्र असे आणि वर ओल्या मातीचा थर देत. त्या मातीतील पाणी सावकाश खाली झिरपताना मळी धुऊन नेई, आणि काही आठवड्यांनी कुंडी उलटी केली की रुंद बाजूस पांढरा, मध्ये पिवळसर आणि टोकाला तपकिरी असा ढेपेचा तुकडा निघे. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानातील खांडसारीवाले हेच काम पाण्यातील शेवाळाचा थर देऊन करत आले. मळी काढण्याचे तत्त्व एकच आहे. रस निवळण्यासाठी आपल्या गुऱ्हाळात रानभेंडीचा चीक वापरतात, तर लंडनचे शुद्धीकरण करणारे चुन्याच्या निवळीबरोबर बैलाचे रक्त कढईत टाकत. त्या साखरेला आपल्याकडे गिऱ्हाईक मिळाले असते की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मुद्दा असा की पांढरी साखर बेटांवरच करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते, तरीही इंग्लंडने वसाहतींतून येणाऱ्या शुद्ध साखरेवर जबर जकात ठेवली, आणि फ्रान्सने १६८४ मध्ये वसाहतींत नवे शुद्धीकरण कारखाने काढण्यास मनाई केली. मळ्यावर मेहनत आणि मायदेशात नफा, अशी ही वाटणी होती. उरलेल्या मळीचेही तसेच झाले. ती उत्तर अमेरिकेतील बंदरांत रम गाळण्यासाठी जाई. फ्रेंच बेटांवरील स्वस्त मळी तेथे येऊ नये म्हणून ब्रिटिश संसदेने १७३३ मध्ये तिच्यावर गॅलनला सहा पेन्स जकात बसवली, आणि त्यातून चोरट्या आयातीला ऊत आला.

मांजराकाठ (लातूर)

दोघांचेही आभार. मग भारताची साखर समुद्रावर नव्हतीच, असे समजावे का? शिवाय सक्तीच्या श्रमांचा उल्लेख वाचून मनात आले की आपल्याकडे मुकादमाकडून उचल घेऊन निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची स्थिती याच रांगेत बसवता येईल काय?

गोदातीर (नांदेड)

पहिल्या शंकेबद्दल लिहितो. भारताची साखर समुद्रावर होती, फक्त ती युरोपच्या बाणांत सापडत नाही, कारण ती आशियातल्या आशियात फिरत होती. सतराव्या शतकात बंगालची साखर हुगळीहून कोरोमंडल किनाऱ्यावर आणि इराणच्या आखातापर्यंत जात असे. युरोपकेंद्री नकाशे वाचताना ही बाजू हमखास सुटते.

जावाचे उत्तर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबात आहे. १६१९ मध्ये जावावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, हाती आल्यावर तिच्या आसपास चिनी उद्योजकांनी साखरघाणे उभारले. कंपनी त्यांना आगाऊ रक्कम देई आणि ठरलेल्या भावाने माल उचले. १६२४ ते १६६२ या काळात तैवान ताब्यात असताना तेथेही चिनी शेतकऱ्यांकडून हेच करून घेतले गेले. ब्राझीलमधील लढायांमुळे युरोपात साखर महाग होती तोवर कंपनीने ही आशियाई साखर अॅमस्टरडॅमलाही पाठवली. कॅरिबियन माल मुबलक झाल्यावर ते परवडेनासे झाले, आणि मग तिने तोंड इराण, जपान आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वळवले. १७१० च्या सुमारास बटाव्हियाभोवती सुमारे १३० घाणे होते.

आता सुरतेच्या व्यापाऱ्याला ही साखर का परवडली? जड माल जहाजाच्या तळाशी भरावाच लागतो, नाहीतर जहाज डोलते. कापड किंवा मसाले वर ठेवून तळाला साखर भरली की तिचे भाडे जवळजवळ पदरात पडल्यासारखेच असे. याउलट आग्र्याकडील साखर सुरतेला आणायची म्हणजे आठवडेच्या आठवडे बैलांवर किंवा गाड्यांवर, वाटेत नाक्यानाक्यावर जकात देत. लमाणांच्या तांड्यातील एक बैल क्विंटल-सव्वा क्विंटल ओझे वाहत असे. हा खर्च समोर ठेवला की हजारो किलोमीटरवरची जावा बंदराच्या जवळ येते आणि आग्रा लांब जातो. माझ्या मते आपल्या भागावर या व्यापाराचा परिणाम बेताचाच झाला असावा, कारण घाटावरच्या उसाचा गूळ गावातच खपत होता आणि साखर ही सरदार, सावकार व देवस्थाने यांच्यापुरती होती.

जावाचा प्रकारही शांतपणे चालला असे मात्र नाही. इराणमधील सफवी सत्ता १७२२ मध्ये कोसळल्याने एक मोठे गिऱ्हाईक ढासळले, घाणे बंद पडू लागले, बेकार झालेल्या चिनी मजुरांत असंतोष वाढला आणि १७४० मध्ये बटाव्हियात चिनी रहिवाशांची भयंकर कत्तल झाली.

बालाघाट (बीड)

ऊसतोडीचा प्रश्न विचारला गेला म्हणून लिहितो, कारण आमच्या तालुक्यातून दर वर्षी दिवाळीनंतर गावेच्या गावे कोयता घेऊन बाहेर पडतात. उचलीची फेड, हंगामभरची पालातली वस्ती, फडात कामाला लागणारी मुले आणि बायकांच्या प्रकृतीची हेळसांड हे सर्व गंभीर आहे आणि त्यावर जितके बोलावे तितके थोडे आहे. तरीही त्याला अटलांटिकच्या गुलामगिरीच्या रांगेत बसवू नये, असे मला वाटते. तेथे माणूस कायद्याने मालमत्ता होता, त्याची मुले जन्मतःच मालकाची होती, आणि कॅरिबियन मळ्यांवर मृत्यू जन्मांपेक्षा इतके जास्त होते की नवी माणसे विकत आणल्याशिवाय मळ्याची संख्या टिकत नसे. दोन्ही अन्यायांना एकच नाव दिले तर दोन्हींचे नेमके स्वरूप पुसट होते.

तुलना करायचीच असेल तर ती गिरमिटीशी, म्हणजे करारबद्ध मजुरीशी, करावी. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली आणि मळेवाल्यांनी भारताकडे नजर वळवली. मॉरिशसवर १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणपट्टीचे मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. आगाऊ रक्कम, ठरावीक मुदत, गैरहजेरीबद्दल पगारकपात आणि मध्ये दलाल, ही सगळी रचना आमच्याकडील माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

जुनेकागद (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाट यांच्याशी पूर्ण सहमत. जकातीबाबत थोडी भर घालतो, कारण मूळ प्रश्नाचे शेवटचे टोक तेथे आहे.

१७९१ मध्ये सें-दोमिंगच्या गुलामांनी उठाव केला आणि जगातील सर्वांत मोठा साखर-पुरवठा विस्कटला. भाव चढताच बंगालची साखर लंडनला जाऊ लागली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये गुलामांच्या श्रमाची साखर न खाण्याची चळवळ सुरू होती, आणि ईस्ट इंडियाची साखर गुलामांनी केलेली नाही, अशी अक्षरे लिहिलेली साखरपात्रे घरोघरी मांडली जात. तरीही ही साखर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी स्वस्त होऊ शकली नाही, कारण संसदेत मळेवाल्यांचे वजन होते आणि भारतीय साखरेवरील जकात चढी ठेवलेली होती. विशेष म्हणजे १८१० मध्ये जिंकलेल्या मॉरिशसला १८२५ मध्येच वेस्ट इंडीजच्या बरोबरीचा दर मिळाला, तर बंगालला त्यासाठी १८३६ पर्यंत थांबावे लागले. ती अकरा वर्षे मॉरिशसला पुरली. तेथे उसाचे क्षेत्र झपाट्याने पसरले आणि पुढे त्याच मॉरिशसची साखर मुंबईच्या बाजारात भरपूर विकली गेली. बंगालला समान जकातीचा फायदा थोडाच काळ झाला. १८४६ च्या कायद्याने परकीय साखरेवरील जादा जकातही टप्प्याटप्प्याने उतरवली, आणि क्यूबा व ब्राझील येथील, अजूनही गुलामांकडूनच होणारी साखर ब्रिटिश बाजारात बरोबरीने उतरू लागली.