डोंगरातल्या पाण्याकाठचा मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
परवा भाचीला अकोल्याला (विदर्भातलं नव्हे, नगरकडचं अकोले) सोडायला निघाले होते. घोटी सोडली, बारी जवळ आली आणि खिडकीत कळसूबाई उभी राहिली. माथा ढगात, खाली भातं पोटरीवर आलेली. भाचीने विचारलं, "मावशी, तू वर गेली आहेस?" गेले आहे म्हटलं. पण डोळ्यांपुढे शिड्या आल्याच नाहीत. आलं ते डोंगरापलीकडचं भंडारदऱ्याचं पाणी.

कॉलेजात असताना आम्ही मुली धरणाजवळच्या शेंडी गावाहून लाँचने रतनवाडीला गेलो होतो. लाँचमध्ये बाजार करून परतणारी माणसं, एक शेळी, रॉकेलचे डबे आणि आम्ही. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. रतनवाडीत शाळेच्या पडवीत पथाऱ्या टाकल्या. रात्री पाऊस थांबला तेव्हा कळलं की इतका वेळ जो आवाज पावसाचा वाटत होता तो निम्मा ओढ्यांचा होता. चहूकडून पाणी खाली येत होतं. झोप कुणालाच लागली नाही, आणि कुणाला ती हवीही नव्हती.

सकाळी अमृतेश्वराचं दर्शन घेऊन रतनगड चढलो. नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, वारा असा की एकमेकींचे हात धरून बसलो. बरोबरच्या बाईंनी खाली बोट दाखवून सांगितलं, प्रवरा या गडावर उगम पावते आणि थोडं खाली गेली की लगेच धरणात थांबते. धरण १९२६ साली पुरं झालं. म्हणजे आता शंभर वर्षांचं पाणी ते. घरी आल्यावर आईने विचारलं काय पाहिलंस, तर मला काही सांगताच येईना.

तुम्ही तळ्याकाठी, धरणाच्या फुगवट्याला, गडावरच्या टाक्यापाशी राहिला असाल तर लिहा. फोटो नंतर टाका, आधी लिहा.

जाईजुई
अगं किती छान विषय! भाकरी टाकतेय, सावकाश येते.

घोटीकर
ती लाँच! आमचे वडील रतनवाडीच्या शाळेवर होते, सोमवारी तिनेच जायचे. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच बंद, मग काठाकाठाने चालत. आम्हा पोरांना वाटायचं वडील समुद्रापलीकडे नोकरी करतात.

गोदाकाठची
@घोटीकर काय सांगता! त्याच पडवीत झोपलो असू आम्ही.

सटाण्याची लेक
आमच्या बागलाणातल्या साल्हेरचं नाव कुणीच घेतलं नाही अजून. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. कळसूबाई १६४६ आहे पण ते शिखर, किल्ला नव्हे, तेव्हा तो मान आमचाच :)

डिसेंबरात मुलाला घेऊन गेले होते. तो तेव्हा सातवीत. वर गंगासागर तलाव आहे आणि जवळच कातळात गुहा. गुहेत पथाऱ्या, बाहेर पाणी. थंडी अशी की निफाडचा पारा आठवला. पहाटे उठून परशुरामाच्या देवळापर्यंत गेलो. तांबडं फुटलं तसा आधी सालोटा दिसला, मग मांगी-तुंगीची दोन टोकं, मग मुल्हेरची बाजू. खाली तलावावर वाफ. १६७२ ची लढाई याच गडाच्या पायथ्याला झाली, मोगलांशी उघड्या मैदानात. मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे तिथे पडले. पुस्तकात एका ओळीत संपतं ते, पण वरून ते मैदान पाहताना मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, एवढ्या उंचावर पाणी साठवलं म्हणून गड टिकला ना?" मला त्याच्या त्या प्रश्नाचा फार अभिमान वाटला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात साल्हेर आहे. त्या दिवशी त्याने होस्टेलवरून फोन केला होता.

निफाडकर
आमच्या थंडीची आठवण काढल्याबद्दल आभार, ताई. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतो आम्ही तेव्हा तुम्ही तिकडे गुहेत.

पाण्याकाठचं म्हणाल तर नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर जाऊन बसा. २०२० मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं.

सह्यवाट
दादा, पण तिथे डोंगर कुठे आहे?

निफाडकर
डोंगर नाही. पण पाणी डोंगरातलंच आहे की. गोदावरी आणि कादवा, दोघी तिकडूनच येतात.

सह्यवाट
हे मान्य 🙏

मेटावरचा मास्तर
अंजनेरीबद्दल लिहितो. मुक्काम नाही, ही दिवसाचीच वाट, पण वरचं तळं पाहिल्याशिवाय नाशिककराने राहू नये. पावलाच्या आकाराचं आहे. हनुमानाचं पाऊल म्हणतात लोक.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, पोरांना दर पावसाळ्यात न्यायचो. सगळ्यांना धबधबे हवे असतात. मी त्यांना गवतात गुडघ्यांवर बसवायचो. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, या डोंगराच्या नावानेच तिची ओळख. फूल बोटाच्या पेराएवढं. खाली फुगीर, वर नळी. बारीक माशी वासाला भुलून आत शिरते, आणि नळीतले खालच्या दिशेला वळलेले केस तिला परत येऊ देत नाहीत. फूल तिला मारत नाही हो! केस सुकले की ती सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलात जाऊन बसते. हे सांगितल्यावर वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरं पाय कुठे ठेवायचा ते बघून चालायला लागायची.

कड्यावर गिधाडं आहेत. घिरट्या घालताना दिसली तर ओरडू नका, शिट्ट्या मारू नका. घरटी कड्याच्या कपारीत असतात, आणि वर्षाला एकच अंडं घालतात ती.

जाईजुई
आले. सर, तुम्ही माझ्या बहिणीला शिकवलंत बहुतेक! ती अजून सांगते गुडघ्यांवर बसण्याचं.

माझा अनुभव काजव्यांचा. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, सासरे म्हणाले चला दोघी-तिघी, रात्रीचं काहीतरी दाखवतो. मे सरत आलेला. भंडारदऱ्याच्या काठाने गाडी नेली, दिवे बंद करून थांबले. पाच मिनिटं काहीच नाही. मग एक सादडा पेटला. अख्खं झाड. विझलं. पलीकडचं पेटलं. मग सगळ्या झाडांवरून एकदम लाट गेल्यासारखं. सासूबाईंनी हात जोडले. मी नवी सून, भिडस्त, पण रडले चक्क.

मागच्या वर्षी पोरींना घेऊन गेले. गाड्यांची रांग, हेडलाइट, फ्लॅश, कुणी झाडाच्या फांद्या हलवत होतं काजवे उडावेत म्हणून. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला दिलेली हाक, बाहेरचा उजेड पडला की ती दिसत नाही तिला. एवढ्या थोड्या रात्री असतात त्यांच्याकडे, पाऊस लागला की संपलं. माझ्या पोरींनी मी पाहिलं त्याच्या चौथाईही पाहिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

गोदाकाठची
@जाईजुई वाचून गलबलून आलं. सासरे आहेत का गं?

जाईजुई
नाहीत, ताई. दोन वर्षं झाली. दरवर्षी मे महिन्यात ढग आले की म्हणायचे, आता आठवड्यात पेटतील.

नवीन तंबूवाला
सगळ्यांचं वाचतोय. आम्ही चौघं मित्र नोव्हेंबरमध्ये भावली धरणाला किंवा भंडारदऱ्याला तंबू लावायचा म्हणतोय. अगदी पाण्याला लागून लावावा का? कुणी अनुभवी सांगेल?

पाटाचं पाणी
पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, बरीच वर्षं धरणांवरच काढली, म्हणून सविस्तर लिहितो. पाण्याला लागून लावू नका.

पाणी उतरतं तसा काठ उघडा पडतो. तो वरून वाळून कडक दिसतो, भेगाही पडलेल्या असतात, पण खाली गाळ ओलाच असतो. माणूस मांडीपर्यंत जातो. गुरं जिथून पाण्यावर जातात ती वाट धरा, गुरांना जमीन कळते. दुसरं, थंड हवा जड असते. रात्री ती उतारांवरून घसरत येते आणि पाण्यालगतच्या खोलगट जागेत साचते. थोडं वर टेपाडावर गेलात तर थंडी कमी लागते आणि सकाळी तंबू दवाने निथळत नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला, सांडव्यासमोर, नदीपात्रातल्या खडकांवर कधीही मुक्काम करू नका. पावसाळ्यात तर नाहीच. तुमच्या डोक्यावर चांदणं असतं आणि वर घाटघरला कोसळत असतं. पाणी सोडायच्या आधी भोंगा होतो, पण झोपलेला माणूस भोंगा ऐकून उठून सामान गोळा करेपर्यंत पाणी थांबत नाही. मी पात्रात अडकलेली पोरं दोराने काढलेली पाहिली आहेत. सगळीच निघाली नाहीत.

पोहणं नको. धरणाचा तळ नदीच्या जुन्या पात्राचा असतो, चार पावलं उथळ आणि पाचवं एकदम खोल. आणि थंडी वाजली म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो.

नवीन तंबूवाला
काका, मनापासून धन्यवाद. हे स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलं.

सह्यवाट
काकांनी लिहिलेलं वर लावून ठेवा कुणीतरी.

वैतरणेचा
मी काठावरचाच. अप्पर वैतरणाच्या फुगवट्याला आमचं गाव. शहरातली मंडळी लिहितात ते वाचून बरं वाटलं, म्हणून लिहितो.

आमच्या आज्याची खाचरं त्या पाण्याखाली आहेत. ते पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की जुने बांध उघडे पडतात. आजी काठावर उभी राहून दाखवायची, तो आपला, तो चुलत्याचा, तिथं आंब्याचं झाड होतं. मी लहान होतो, मला नुसता चिखल दिसायचा. आता आजी नाही आणि मला बांध ओळखता येतात. पाणी हटलेल्या जागेत कोणी कोणी गाळपेर करतात, तेवढंच.

तुम्ही या. तंबू लावा, पैसे दोन आमच्या पोरांनाही मिळतात. फक्त दोन गोष्टी. स्पीकर नको, गुरं बुजतात आणि म्हातारी माणसं झोपत नाहीत. आणि बाटल्या फोडू नका हो. काच पाण्याबरोबर खाचरात येते. लावणीला आमच्या बाया अनवाणी चिखलात उतरतात. माझ्या आईच्या टाचेतली काच घोटीला नेऊन काढावी लागली होती, ऐन लावणीत. त्या वर्षी आमची लावणी शेजाऱ्यांनी केली.

गोदाकाठची
दादा, वाचून काय लिहू कळेना. आईंचा पाय आता बरा आहे ना?

वैतरणेचा
बरा आहे ताई. चालते, पण उतारावर जपून.

घोटीकर
भावा, कुठलं गाव? आमची मावशी तिकडेच दिलेली.

वैतरणेचा
व्यक्तिगत निरोप टाकतो.

रानजाई
मला बायकांच्या बाजूने एक विचारायचंय, कुणी लिहीत नाही म्हणून. तंबू, चांदणं सगळं ठीक, पण रात्री-पहाटे जायचं कुठे? मी त्याच भीतीने संध्याकाळपासून पाणी पीत नाही आणि मग डोकं दुखतं. नणंद तर याच कारणाने येतच नाही.

सटाण्याची लेक
अगदी बरोबर विषय काढलास. पाणी सोडू नकोस, थंडीतही चढताना घाम जातोच. आम्ही बायका असलो की उजेड असतानाच जागा हेरून ठेवतो, पाण्यापासून आणि टाक्यापासून लांब, शंभर-दीडशे पावलं तरी. छोटं खुरपं बरोबर, खड्डा करायचा, बुजवायचा. पॅड वगैरे कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, ती पिशवी घरी. एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं, एकीने पाठ करून उभं राहायचं. नणंदेला सांग, दोनदा तसं केलं की भीती जाते.

जाईजुई
किंवा पहिल्या वेळी गावात कुणाच्या घरी उतरायचं. रतनवाडी, साम्रद, घाटघर, सगळीकडे घरगुती राहायची सोय होते आता. संडास असतो, गरम पाणी मिळतं, आणि पाणी तेच, डोंगर तेच.

रानजाई
हे पटलं. नणंदेला हा धागाच पाठवते. जेवायला काय मिळतं गं?

जाईजुई
पिठलं, भात, नागलीची भाकरी, ठेचा. भात तर असा की नुसता खावा.

घोटीकर
नागलीची भाकरी आणि वर लोणी. आता ऑफिसात बसून हे वाचायचं म्हणजे...

नवीन तंबूवाला
नागलीची भाकरी आम्ही करून पाहिली, तव्यावर टाकतानाच तुटते. काय करायचं?

वैतरणेचा
पाण्याला आधण आलं की त्यात पीठ टाका, उकड काढा, झाकून ठेवा. कोमट असताना चांगलं मळा. थंड पाण्यात मळलं की तुटणारच. थापायला पळसाचं पान मिळालं तर उत्तम.

पाटाचं पाणी
पीठ जुनं असलं तरी तुटते. घोटीच्या बाजारात नवी नागली दिवाळीनंतर येते, तेव्हा घ्या.

नवीन तंबूवाला
दिवाळीनंतरच येतोय आम्ही. बाजार कोणत्या वारी असतो?

घोटीकर
शनिवारी. लवकर या, दुपारनंतर चांगला माल राहत नाही.