‘भिंतीवर एईडी टांगा, ट्रेनिंग बंद करा’ म्हणणाऱ्यांसाठी

कॅलिपर
काल ‘तोच_मी’ यांनी लिहिलं: “कारखान्यातलं दरवर्षीचं प्रथमोपचार ट्रेनिंग हा दोन तासांचा फार्स आहे. एक एईडी (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन) भिंतीवर टांगा, 108 पाठ करा, विषय संपला.” फार्स असतो, मान्य. पण उपाय वाचून गप्प बसवेना.

एईडी आपणहून भिंतीवरून उतरत नाही. हृदय बंद पडलंय हे आधी कुणीतरी ओळखायला हवं. पहिल्या एक-दोन मिनिटांत माणूस बरेचदा घोरल्यासारखे आचके देतो. भोवतीचे म्हणतात “श्वास चालू आहे की!” आणि तोंडावर पाणी मारत बसतात. कधी अंगाला झटके येतात, मग फिट समजून चप्पल हुंगवतात. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, म्हणजे लगेच छाती दाबायला घ्यायची, हे स्लाइड बघून अंगवळणी पडत नाही. सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) न मिळता जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. आणि संध्याकाळी शिफ्ट सुटताना चाकणच्या चौकातून अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळात येते, ते चाकणवाल्यांना विचारा.

मशीन आलं तरी घामाने ओली छाती न पुसता पॅड लावलं तर ते सुटतं. केस दाट असतील तर रेझर लागतो. पॅडची मुदत संपली की जेल सुकतं. आणि कपाटाची किल्ली अ‍ॅडमिनच्या ड्रॉवरमध्ये.

तोच_मी
मग तुमच्या ट्रेनिंगने काय होतं तेही सांगा ना. 40 माणसं, एक पुतळा, 90 स्लाइड, शेवटी समोसा आणि हजेरीपटावर सही. प्रत्येकाच्या वाट्याला पुतळा येतो मिनिटभर. सहा महिन्यांनी विचारा हात कुठे ठेवायचे, अर्धे पोटावर ठेवतील. दाबायचं 5 ते 6 सेंमी, घाबरलेला माणूस दाबतो त्याच्या निम्मं. वर छातीवर रेलून राहतो, ती वर येऊच देत नाही. मग हृदयात रक्त भरणार कुठून? मशीन निदान बोलून सांगतं.

ओएचसी_सिस्टर
निदान बरोबर, औषध चुकलं. दोन तास वर्षातून एकदा नको, तर दहा मिनिटं दर तीन महिन्यांनी, तीही लाइनवर जाऊन. पुरेसं दाबलं की ‘टक्’ वाजणारे पुतळे मिळतात. मिनिटाला 100 ते 120 या गतीने दोन मिनिटं दाबायचं की माणूस बदलायचा, कारण दमल्यावर खोली आपोआप कमी होते आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही.

आणि माणसं कुठली निवडता? एचआरची यादी बघा: सगळे जनरल शिफ्टचे, सगळे एकाच मजल्यावरचे. कारखाना कायदा 1948 च्या कलम 45 मध्ये दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि कामाच्या वेळात कायम हजर असणारा प्रमाणपत्रधारक माणूस सांगितला होता. तिसऱ्या शिफ्टला तो कुठे असतो? घरी, झोपलेला.

स्टोअर्स_काका
पेटीचा विषय काढलाच आहे म्हणून. पेटीत सॉर्बिट्रेट का ठेवू देत नाहीत? छातीत दुखलं की जिभेखाली एक गोळी, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. सिस्टर लोक नियम दाखवतात.

ओएचसी_सिस्टर
काका, ही व्हॉट्सअ‍ॅपची डॉक्टरकी थांबवा. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करतं, बीपी खाली आणतं. गुठळी विरघळवत नाही. हृदयाच्या उजव्या भागाला झटका असेल, बीपी आधीच कमी असेल किंवा माणसाने आदल्या रात्री सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलं असेल (हे तो तुम्हाला सांगणार आहे का?), तर बसलेला माणूस तुमच्या गोळीने आडवा होईल.

स्टोअर्स_काका
म्हणजे नुसतं बघत बसायचं? ज्यांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आहे त्यांना डॉक्टरच लिहून देतात की!

ओएचसी_सिस्टर
त्यांना, त्यांची तपासणी करून. त्यांच्या खिशातली गोळी त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांना चालवू नका, जिना उतरवू नका, पाठ टेकवून अर्धवट बसवा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. अ‍ॅलर्जी नाही, रक्तस्राव नाही, शुद्धीवर आहे, तर साधारण 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून, तेही 108 वरच्या डॉक्टरला विचारून. आणि कोसळलेल्याच्या तोंडात गोळी? ती घशात अडकेल.

तोच_मी
नियमांचं एवढं कौतुक असेल तर पेटीची जुनी सरकारी यादीही वाचा. साप चावल्यावर जखम कापायचं ब्लेड आणि पोटॅशियम परमँगनेट! आज कुठला डॉक्टर जखम कापा म्हणेल?

ओएचसी_सिस्टर
कुणीच नाही. हा एक मुद्दा तुमचा. फ्रेम करून लावा.

स्टोअर्स_काका
म्हणजे आमची गोळी धोकादायक आणि सरकारचं ब्लेड चालतं. ठीक आहे, गोळी नाही ठेवत. ब्लेडही काढतो.

रातपाळी
गोळीवरून भांडून झालं असेल तर मूळ विषय. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तिथे ना एईडी उपयोगी, ना 108. तिथे शिकवायचं ते न उतरणं: ब्लोअर चालू, हार्नेस आणि ट्रायपॉडने वर ओढायचं, एससीबीए (हवेच्या सिलिंडरला जोडलेला मुखवटा) घातल्याशिवाय कुणी आत नाही. शॉक लागलेल्यालाही तसंच, आधी मेन स्विच बंद, मग हात.

दुसरं गेट. अ‍ॅम्ब्युलन्स आली तरी सिक्युरिटी गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहीत बसते. सिक्युरिटी कंत्राटी, वारंवार बदलते, तिला ट्रेनिंगच्या यादीत कुणी घेत नाही. एक माणूस गेटवर, एक लिफ्ट अडवून धरायला. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का, हे आज मोजून ठेवा. नसेल मावत तर उचलून न्यायची खुर्ची घ्या आणि त्यात खरा माणूस बसवून जिना उतरून बघा.

तोच_मी
बरं बुवा, ट्रेनिंग ठेवा. स्लाइड मात्र 90 च्या 9 करा. आणि एईडी मी मागे घेत नाही.

कॅलिपर
एईडी नको असं म्हटलंय कुणी? किल्ली काढून कपाट उघडं ठेवा, दर महिन्याला हिरवा दिवा आणि पॅडची तारीख बघा. बघणाऱ्याचं नाव कपाटावर चिकटवा. ‘अ‍ॅडमिन विभाग’ असं लिहू नका.