वडिलांच्या बंदिशींतून नियमित उत्पन्न मिळू शकते का?

लष्करवासी : माझे वडील ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गाण्याचे वर्ग घेत असत. २००९ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या मागे निळ्या पुठ्ठ्याची एक वही राहिली, जिच्यात त्यांनी स्वतः रचलेल्या ४० बंदिशी भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनासह लिहिलेल्या आहेत. त्यांतल्या ११ आणि घराण्यातल्या ३ पारंपरिक चिजा मी दोन वर्षांपूर्वी स्वखर्चाने ध्वनिमुद्रित करून एका वितरण कंपनीमार्फत ऑनलाइन सगळीकडे उपलब्ध केल्या. वर्षभरात १८२ रुपये हाती आले, आणि पुढची वर्गणी भरायला आठ दिवस उशीर झाला म्हणून सगळ्या चिजा काढून टाकण्यात आल्या. मैफली काय त्या हिवाळ्यात चार-पाच होतात. दर महिन्याला थोडे तरी येत राहील, असा काही मार्ग आहे का?

सूरपेटी : ताई, बंदिश ही एक मालमत्ता आणि तिचे ध्वनिमुद्रण ही दुसरी. वितरण कंपनीने आपल्याला दिले ते फक्त ध्वनिमुद्रणाचे. शब्द आणि स्वररचनेचा वाटा आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था गोळा करते आणि तो रचनाकार सभासदांना, तसेच त्यांच्या वारसांना देते. आपण तेथे सभासद होऊन अकराही बंदिशींची नोंद केलेली नसेल, तर वडिलांचा वाटा आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. पारंपरिक चिजांना तो वाटा नाही. त्यांच्या मुद्रणांवर यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा (जुळणारा आवाज आपोआप ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेचा) दावाही लावू नये, कारण साथीचा ॲपमधला तोच तानपुरा शेकडो जणांच्या मुद्रणांत वाजत असतो. माझ्या यमन रागाच्या मुद्रणावर असाच एका अनोळखी गृहस्थाचा दावा आला होता आणि तो सोडवण्यात महिना गेला.

निवृत्त वकील : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे या बंदिशी २०६९ च्या अखेरपर्यंत आपल्या घरच्या आहेत. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो. खर्च आणि बेत दोन्ही आपले होते, त्यामुळे केवळ यंत्रे त्याची म्हणून स्टुडिओवाल्याचा हक्क निर्माण होत नाही. तबला आणि हार्मोनिअमच्या साथीदारांना आपण बिदागी दिली असेलच, पण ती म्हणजे लेखी संमती नव्हे. एका कागदावर त्यांच्या सह्या घ्याव्यात, नाहीतर उद्या एखाद्या माहितीपटाने ती चीज मागितली तर होकार देताना आपलीच अडचण होईल. पुढे आपण स्वतः बंदिशी रचल्या आणि कोणी एकरकमी पैसे देऊन 'रॉयल्टीसह सर्व हक्क' लिहून मागितले, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार रचनाकाराला रॉयल्टीतला आपला वाटा असा सोडून देता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

विलंबित : हिशेबाची एक गोष्ट कोणी सांगत नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक प्रवाह (स्ट्रीम) मोजला जातो, मग पुढे तीन मिनिटांचे गाणे असो की अठ्ठावीस मिनिटांचा, संथ लयीतला बडा ख्याल. शिवाय २०२४ पासून आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० प्रवाह झाले नाहीत, तर त्या चिजेचे काहीच मिळत नाही. म्हणून द्रुत (जलद लयीची) बंदिश वेगळ्या मुद्रणात ठेवावी, हे ठीक. पण केवळ आकड्यांसाठी विलंबिताचे, म्हणजे संथ ख्यालाचे, तुकडे करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ख्याल गाणाऱ्याला थेट विक्रीच अधिक परवडते. बँडकॅम्प हे संगीत थेट विकण्याचे संकेतस्थळ डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवून घेते, आणि परदेशातले शिष्य अख्खा संच विकत घेतात. त्याच बंदिशी संथ लयीत, तानपुरा आणि ठेका वेगळा ठेवून रियाजासाठी दिल्या, तर त्या गाण्यापेक्षा जास्त खपतात, हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे. मेहनत मात्र आधी करावी लागते. बसल्या जागी पैसा येतो तो नंतर.

लष्करवासी : सर्वांचे आभार. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. आई माझ्याकडे असते आणि भाऊ पुण्याला. वही माझ्याकडे आहे, एवढे पुरेसे नाही का?

निवृत्त वकील : नाही. वही कपाटात कोणाच्या आहे याने हक्क ठरत नाही. मृत्युपत्र नसताना आई, भाऊ आणि आपण, तिघांचा वाटा सारखा. आयपीआरएसचा अर्ज भरण्यापूर्वी दोघांचे लेखी संमतिपत्र घ्यावे, आणि आईचे आधी.